मदत हवी आहे: मुलीला फ्रेंच बडबडगीतं पाठ आहेत, पण गाण्याबाहेर एक शब्द नाही

मलप्रभा_काठ (खानापूर)
मुलीला गाण्यांतून फ्रेंच शिकवतेय. ‘फ्रेर झाक’ आणि ‘ओ क्लेर द ला ल्यून’ तोंडपाठ झालीत. पण खिडकीतून चंद्र दाखवून ‘हे काय?’ विचारलं की गप्प. त्यातून गाण्यात चंद्राला ‘ल्यूनऽ’ ऐकू येतं आणि माझी बहीण म्हणते नुसतं ‘ल्यून’. फोनवर सारखी टोकते, म्हणून आता मुलगी गायलाच तयार नाही. बरोबर कोण? आणि पुढं काय करू? मे महिन्याच्या आत जमायला हवं. व्हिडिओ बघा म्हणून सांगू नका, ते बघूनच इथवर आलोय.

निपाणीकर
मुलगी केवढी? बहीण कुठं असते? मे महिन्यात काय आहे? काहीच कळालं नाही ओ.

टिळकवाडी_पहिलं_गेट
गाण्यांनी भाषा येत नसते. पद्धतशीर शिकवा. पणजीला आलियाँस फ्राँसेझ ही फ्रेंच शिकवणारी संस्था आहे, तिथं चौकशी करा. लहान मुलांसाठी ‘देल्फ प्रिम’ ही परीक्षा असते, तिचं प्रमाणपत्र मिळतं. माझ्या भाचीनं दिली आहे, पुढं कॉलेजात खूप उपयोग होतो.

मलप्रभा_काठ
परीक्षा नकोय! पाच वर्षांची आहे. बहिणीची मुलं मे महिन्यात येणार आहेत, त्यांना मराठी अगदी थोडं येतं. मुलांनी एकत्र खेळावं, एवढंच. दर आठवड्याला चोर्ला घाट उतरून पणजीला कोण जाणार?

जुना_मास्तर
ताई, राग मानू नका. घरात मराठी, शाळेत इंग्रजी, कन्नड तर कर्नाटकच्या २०१५ च्या कायद्यानं सगळ्या शाळांत आलंय. त्यात फ्रेंच कशाला? येणाऱ्या मुलांनाच मराठी शिकवा की. आजोळी येऊन मराठी नाही शिकणार तर कुठं शिकणार? आपल्या मराठी शाळांत पोरं कमी व्हायलीत, त्याचं कुणाला काही वाटंना झालंय.

निपाणीकर
मास्तर, मराठी शाळांचं दुःख मलाही आहे, माझी दोन्ही मुलं मराठी शाळेतच आहेत. पण ते इथं कशाला? आपल्या भागातलं पोर दुकानात कन्नड बोलतं, घरी मराठी, कोपऱ्यावर उर्दू. चार गाण्यांनी त्याच्या डोक्याला ताप होत नाही.

जुना_मास्तर
ऐकून येणं वेगळं आणि धड लिहिता-वाचता येणं वेगळं. तीस वर्षं शिकवलंय मी.

वडगावची_लेक
मी पुण्यात फ्रेंच शिकवते, माहेर वडगाव. ताई, तुमची मुलगीही बरोबर आणि बहीणही बरोबर. फ्रेंचमध्ये शब्दाच्या शेवटी लिहिलेला ‘e’ बोलताना बहुतेक गळतो, पण पारंपरिक गाण्यात तालासाठी पुष्कळदा उच्चारतात. म्हणून बोलताना ‘फ्रेर झाक’ आणि गाताना ‘फ्रे-रऽ झा-कऽ’. आपण अभंग म्हणताना शेवटच्या अक्षरातला ‘अ’ लांबवतो, बोलताना तो गिळतो, तसंच. बहिणीला सांगा, गाणं चालू असताना कृपा करून टोकू नका. पाच वर्षांच्या मुलीनं तोंड मिटलं की ते उघडायला फार वेळ लागतो.

आता दुसरा प्रश्न. या दोन्ही गाण्यांत हातापायांना काही काम नाही. एकात झोपलेला साधू, दुसऱ्यात चांदण्यात लेखणी मागायला आलेला माणूस. चाल गोड, पण मुलीच्या खेळात यातला कुठला शब्द येणार? ‘साव्हे व्हू प्लाँते ले शू’ घ्या. म्हणजे तुम्हाला कोबी लावता येतो का? मग बोटानं लावू, पायानं लावू, कोपरानं, नाकानं, आणि दर कडव्याला तसं करून दाखवायचं. वाक्य तेच, ‘ऑं ले प्लाँत आव्हेक…’, पुढं फक्त अवयव बदलतो: ल द्वा बोट, ल प्ये पाय, ल कूद कोपर, ल ने नाक. कडवं म्हणून झालं की शेवटचा शब्द तुम्ही सोडा आणि कोपर पुढं करा. तो शब्द तिच्याकडून येईल. तिथूनच बोलणं सुरू होतं.

निपाणीकर
हे भारी आहे. बेळगावचा कोबी गोव्यापर्यंत जातो, आता फ्रेंचमध्येही लागू दे.

टिळकवाडी_पहिलं_गेट
पण उच्चार कोण तपासणार? ‘ल्यू’ चुकीचा बसला की आयुष्यभर राहतो. म्हणून म्हणतो, क्लास.

वडगावची_लेक
ओठ ‘ऊ’ म्हणताना करतो तसे गोल ठेवायचे आणि आतून ‘ई’ म्हणायचं. मुलं आरशासमोर पटकन करतात, मोठ्यांनाच अवघड जातं. ताई, बहीण फ्रान्सला कुठं?

मलप्रभा_काठ
फ्रान्स नाही, माँट्रियल. कॅनडा.

वडगावची_लेक
हे आधी सांगायचं ना! तिकडं ‘त्यू’ म्हणजे ‘तू’ हा शब्द ‘त्स्यू’ असा ऐकू येतो, ‘दी’ चा ‘द्झी’. घाबरू नका, आपल्या ‘चमचा’तला च आणि ‘जावई’तला ज तेच करतात, मुलीला ते आयतंच येईल. आणि ‘अलुएत’ हे चंडोल पक्ष्याचं गाणं तिकडचंच, १८७९ मध्ये माँट्रियललाच छापून आलं. त्यातही डोकं, चोच, मान, पंख असे अवयव येतात.

जुना_मास्तर
त्या गाण्यात पक्ष्याची पिसं उपटतात ना? लहान पोरीला हे?

वडगावची_लेक
हो, अर्थ तोच आहे. नको वाटलं तर कोबीवरच थांबा. कोबीच्या गाण्याचं पालुपद ‘आ ला मोद द शे नू’, म्हणजे आमच्याकडच्या पद्धतीनं. मास्तर, त्या मुलांना मराठी शिकवायलाही हेच चालेल. एक कडवं ही म्हणेल, एक ते म्हणतील: ‘कोपरानं लावू कोबी’.

जुना_मास्तर
हे मात्र पटलं.

मलप्रभा_काठ
आज संध्याकाळी परसात करून बघितलं. ‘कूद’ आणि ‘ने’ आले, चक्क गाण्याबाहेर! जेवताना स्वतःचं नाक धरून ‘ने’ म्हणाली. आता ती कानानं कोबी लावायचा म्हणतेय. कानाला काय म्हणतात? लवकर सांगा, झोपायला तयार नाही.

वडगावची_लेक
‘ओरेय’. गाण्यात ‘आव्हेक लोरेय’.