एका दिवसात इतिहास आणि जर्मन बिअरचा उत्सव, जमेल का?

बोब्लिंगेनकर
सप्टेंबरअखेर आईबाबा आणि धाकटा मेव्हणा येतायत. तिघंही जर्मनीत पहिल्यांदाच. मला मधल्या वारी एकच सुटी टाकता येईल. बाबा निवृत्त इतिहासशिक्षक, समाधी किंवा शिलालेख दिसला की तासभर हलत नाहीत. मेव्हण्याला बिअरचा तंबू, लिटरचा मग आणि फोटो एवढंच हवंय. आई शाकाहारी, अंडंही चालत नाही. म्युनिकला जाऊन राजवाडा आणि ऑक्टोबरफेस्ट असं दोन्ही एका दिवसात होईल का?

गोटीपंडित
होईल, पण उरकल्यासारखंच. बोब्लिंगेनहून जाऊन-येऊन पाचेक तास गाडीतच जातील, आणि जर्मनी-तिकिटावर (महिन्याच्या पासावर) साध्या गाड्यांनी गेलात तर त्याहून जास्त. वर तिथली गर्दी. घराजवळ, स्टुटगार्टच्या कानश्टाट भागात, असाच बिअरचा उत्सव असताना हा खटाटोप कशाला?

नेकरकाठ
गोटीपंडितांना +१. शिवाय तुमच्या बाबांसाठी कानश्टाटच योग्य, कारण त्या उत्सवाचा उगमच दुष्काळात आहे.

१८१५ च्या एप्रिलमध्ये इंडोनेशियात तांबोरा ज्वालामुखी फुटला. त्याची राख वातावरणात इतकी पसरली की १८१६ साली युरोपात उन्हाळा असा आलाच नाही. व्युर्टेम्बर्गात (स्टुटगार्टभोवतीच्या तेव्हाच्या राज्यात) पिकं बुडाली, भाकरी महागली, लोक देश सोडून निघाले. नेमका त्याच साली विल्हेल्म पहिला गादीवर आला. त्याची राणी काटारिना ही रशियाच्या झारची बहीण. तिने गरिबांसाठी मदतकार्य उभं केलं, बचत बँक काढली. राजाने होहेनहाइमला शेतकी शाळा काढली, तिचंच आज विद्यापीठ झालंय. पुढे पीक हाती आल्यावर २८ सप्टेंबर १८१८ ला कानश्टाटच्या मैदानावर शेतकऱ्यांची जत्रा भरवली: गुरांना बक्षिसं, घोड्यांच्या शर्यती. आज जिथे मेव्हणा मग उंचावणार ती हीच जत्रा. मैदानात फळाधान्यांनी सजवलेला २६ मीटर उंच खांब उभा असतो, तो या शेतकी मुळाची खूण. बिअरच्या नादात बहुतेक जण त्याच्याखालून तसेच पुढे जातात. बाबांना तिथे दहा मिनिटं द्या.

म्हणून दिवसाची सुरुवात स्टुटगार्टमधल्याच रोटेनबर्गच्या टेकडीवर करा. पहिल्या जत्रेनंतर चार महिन्यांच्या आतच, जानेवारी १८१९ मध्ये राणी गेली. वय अवघं तीस. राजाने तिच्यासाठी आपल्या घराण्याचा मूळ किल्ला पाडून त्या जागी समाधी-मंदिर बांधलं, १८२४ ला पूर्ण झालं. बाहेरून घुमट आणि खांब, आत खाली तळघरात दोघांच्या शवपेट्या. दारावर ‘प्रेम कधी सरत नाही’ अशा अर्थाची ओळ कोरलेली आहे. (राजेसाहेबांनी १८२० मध्येच पुढचं लग्न केलं, हे बाबांना सांगाच. ते रंगवून सांगतील.)

बोब्लिंगेनहून एस-१ लोकल थेट उंटरट्युर्कहाइमला जाते, तिथून ६१ नंबरची बस वर. मंदिर सोमवारी बंद असतं आणि सकाळी उघडायलाही उशीर करतात, तेव्हा वेळ बघून निघा. उतरताना द्राक्षमळ्यांतून चालत या, त्या दिवसांत वेलींवर घड असतात. मग पुन्हा एस-१ पकडून बाड कानश्टाटला उतरायचं, पुढे पायी मैदान.

खवय्या_नाशिककर
आईंसाठी सूचना. मेनूवर शाकाहारी म्हणून बहुधा ‘केजेश्पेट्झले’ असतं, चीज घातलेल्या शेवया. त्या पिठात अंडं असतंच असतं. ‘माउलटाशन’ करंजीसारखे दिसतात, पण आत सहसा मांस असतं. ब्रेझेल (गाठीच्या आकाराचा खारा पाव) बरा, मात्र श्वाबी, म्हणजे या भागातल्या, ब्रेझेलच्या कणकेत कधी कधी डुकराची चरबी घालतात, ‘श्माल्त्स’ आहे का एवढं विचारा. जाड, फुगीर पोट आणि त्यावर चीर, हात मात्र बारीक आणि कुरकुरीत, हा खास श्वाबी आकार. बरोबर भाजलेले बदाम आणि सफरचंदाचं सोडा घातलेलं सरबत. तरी सकाळी घरून दशम्या आणि चटणी बांधून घ्या, टेकडीवर बसून खाता येतील.

हिंजवडी_ते_हाइलब्रॉन
मी वेगळं म्हणेन. टेकडीवरचं मंदिर अर्ध्या तासात बघून होतं. इतिहासच हवा तर लुडविग्सबुर्गचा राजवाडा करा, साडेचारशे खोल्या आहेत. किंवा एस्लिंगेन गाव: तेही एस-१ वरच, लाकडी चौकटींची जुनी घरं आणि वर तटबंदी.

नेकरकाठ
राजवाडा छान आहे, पण मार्गदर्शकाबरोबर फिरायचं तर अर्धा दिवस तिथेच जातो आणि मेव्हणा तोंड पाडून बसतो. एस्लिंगेनला माझा विरोध नाही, वेळ उरला तर नक्की जा.

बोब्लिंगेनकर
रोटेनबर्ग ठरलं! दोन शंका. बाबांचे गुडघे दुखतात, मळ्यांतला उतार झेपेल का? आणि तंबूत जागा आधी राखावी लागते का?

नेकरकाठ
उतार चांगलाच आहे. बाबा आणि आई बसने खाली येऊ देत, मेव्हण्याला तुम्ही चालवा, तेवढीच भूक लागेल. वरपर्यंत बस जात असली तरी थांब्यापासून मंदिरापर्यंत थोडा चढ आहेच, सावकाश जा.

चौघांना मधल्या वारी दुपारी जागा राखायची गरज नाही. संध्याकाळी मात्र राखीव बाकांवरून उठवतात, म्हणून तीन-साडेतीनला आत बसा. बसल्याशिवाय बिअर आणून देत नाहीत. काचेचा मग भरल्यावर दोन किलोच्या वर जातो, मेव्हण्याला फोटोसाठी दोन्ही हात वापरू दे. बाकावर उभं राहून नाचलेलं चालतं, टेबलावर चढलं की बाहेर काढतात. सुटे पैसे जवळ असू द्या, आणि सहाच्या आत निघा. त्यानंतर बँड इतका जोरात वाजतो की आईबाबांना एकमेकांचं ऐकू येणार नाही.