'शेफरी'ला मराठीत काय म्हणावं?

ओलीबाजू: काँगोच्या इतुरी प्रांताच्या कारभारावरचा फ्रेंच मजकूर मराठीत आणतेय. राजधानी बुनिया, खाली अरू, जुगू, इरुमू, महागी, मंबासा हे पाच 'तेरितुआर'. त्यांना 'तालुके' केलं. अडलंय त्याखालच्या 'शेफरी'पाशी. तिचा प्रमुख रूढीप्रमाणे परंपरेनं ठरतो आणि सरकार त्याला मान्यता देतं. त्याच पातळीवरच्या 'सेक्तर'मध्ये अनेक समाज एकत्र, प्रमुख निवडून द्यायचा. मी 'पाटीलकी' लिहिलं, तपासणाऱ्यांनी खोडलं.

भीमाकाठ: बरोबर खोडलं. पाटीलकी एका गावाची, शेफरीत गावांचे गटच्या गट येतात. 'देशमुखी' घ्या. देशमुख परगण्याचा.

मोडीवाचक: देशमुखी हे वसुलीचं वतन. आपल्याकडे वतनं कायद्यानं गेली, तिथे शेफरी आजच्या कायद्यात आहे. देशमुखी वाचून लोक पेशवाईत जातील. 'शेफरी'च ठेवा. 'तालुका' तरी अरबीच ना?

भीमाकाठ: तो रुळायला शतकं लागली. आज दिसेल तो शब्द जसाच्या तसा उचलायचा, तर अनुवाद कशाला करायचा?

चिंचबन: मला 'प्रांत'च खटकतो. आमच्याकडे प्रांत म्हणजे माणूस. फेरफाराच्या अपिलाला आजी पिशवीत सातबारा घालून निघायची, 'आज प्रांताकडे तारीख आहे' म्हणायची. तहसीलदाराच्या वरचा साहेब तो. आणि इतुरीला तर गव्हर्नर आहे!

मोडीवाचक: 'राज्य' मात्र करू नका, काँगो संघराज्य नाही. शिवाय संस्कृतात 'प्रान्त' म्हणजे कड, शेवट. इतुरी युगांडाच्या हद्दीला लागून आहे, शब्द चपखल बसतो.

चिंचबन: मग देशाच्या मधल्या प्रांतांना काय म्हणायचं?

गोदातीर: प्रांतांचा विषय निघालाच आहे म्हणून. २०१५ मध्ये जुन्या ओरिएंताल प्रांताचे चार झाले: इतुरी, त्शोपो, ओ-उएले, बा-उएले. यातल्या 'ओ-उएले'चं मराठीत 'उत्तर उएले' झालेलं मी वाचलंय. साफ चूक. फ्रेंच 'ओ' म्हणजे वरचं, नदीच्या उगमाकडचं; 'बा' म्हणजे खालचं. उएले नदी पश्चिमेला वाहते, म्हणजे ओ-उएले पूर्वेला. आम्ही नांदेडचे. गोदावरी चढली की 'वरून पाणी सोडलंय' म्हणतो. ते 'वर' म्हणजे पैठणकडे, पश्चिमेला. 'वरचं उएले' म्हणा.

भीमाकाठ: विशेषनामाचं भाषांतर नको. आपण 'बुद्रुक'चं करतो का?

गोदातीर: बुद्रुक कळतं म्हणून करत नाही. 'ओ' कुणाला कळणार?

ओलीबाजू: गोदातीर, माझ्याही मजकुरात 'उत्तर उएले'च होतं, आत्ता बदललं. पण शेफरी अजून तशीच आहे. 'देशमुखी' की 'शेफरी'?