बास्केटबॉलसाठी मदत हवी आहे: ३६ वर्षांचा, गुडघा दुखरा पोस्ट प्लेयर (रिंगजवळ खेळणारा) फाइव्ह-आउटमध्ये बसेल का?

कट्टा_कोल्हापूर: या मोसमात आमची टीम फाइव्ह-आउट खेळणार आहे. पाचही जण थ्री-पॉइंट रेषेबाहेर, पेंट (रिंगसमोरचा चौकोन) मोकळा, रिबाउंड (चुकलेल्या शॉटचा बॉल) मिळाला की पळायचं. अडचण आमच्या स्टारची आहे. वय ३६, उजव्या गुडघ्याचा पटेलर टेंडन (वाटीखालचा स्नायूबंध) जुना दुखरा, डावा घोटा सारखा मुरगळतो, त्यात कोर्ट सिमेंटचं. पोस्टमध्ये अजून त्याला तोड नाही, फ्री थ्रो पक्के, पण ६.७५ मीटरवरून (थ्री-पॉइंट रेषेवरून) क्वचितच मारतो. फुटबॉलवेड्या गावात आमच्या मॅचला जी काय माणसं येतात ती त्यालाच बघायला. त्याला यात बसवावा, की सिस्टीम बदलावी?

पिव्हट_फूट: अंग टिकेल का आणि खेळ जुळेल का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. अमेरिकेच्या एनबीए लीगमधला २००८-०९ चा फिनिक्स सन्स संघ बघा. त्यांचा सेंटर शॅक (शॅकिल ओ'नील) त्या मोसमात ७५ सामने खेळला, ऑल-स्टार सामन्यात कोबी ब्रायंटबरोबर एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडू) झाला, तरी सन्स प्लेऑफला मुकले. सगळा दोष त्याचा नव्हे, संघातला दुसरा स्टार स्टूडमायर डोळ्याच्या दुखापतीने बाहेर होता. पण पेंटमध्ये उभा राहणारा सेंटर आणि पळणारा संघ यांचं जमवताना ओढाताण होतेच. त्याच संघात ग्रँट हिल, घोट्याच्या ऑपरेशनांनी पोखरलेला, ३६ व्या वर्षी ८२ पैकी ८२ सामने खेळला. त्याला सारखा हातात बॉल लागत नसे.

हँडऑफ: भावा, एनबीएची नक्कल जशीच्या तशी करू नकोस. तिथे डिफेन्सला ३ सेकंदांचा नियम आहे (कुणाला गार्ड न करता पेंटमध्ये त्याहून जास्त थांबता येत नाही), फिबाच्या (आंतरराष्ट्रीय महासंघाच्या) नियमांत नाही. तुमचा स्टार बाहेरून मारत नाही हे कळलं की त्याचा डिफेंडर खुशाल रिंगखाली उभा राहणार आणि पेंट मोकळा ठेवायचा तुमचा सगळा खटाटोप वाया.

यावर उपाय: त्याला ट्रेलर करा. रिबाउंड, आउटलेट पास (रिबाउंडनंतरचा पहिला पास), चौघे पुढे, हा सगळ्यात मागून येऊन टॉपला (रिंगसमोर रेषेबाहेर) बॉल घेणार आणि हँडऑफ देणार (जवळून धावणाऱ्या गार्डच्या हातात बॉल ठेवणार). डिफेंडर आत बसला असेल तर हँडऑफ घेणाऱ्या गार्डवर पुढे यायला कुणीच नसतं, त्याने तिथेच थ्री मारायचा. गार्ड मारायला कचरला की सगळं फसतं. फ्री थ्रो पक्के म्हणजे एल्बोवरचा (फ्री थ्रो रेषेच्या कोपऱ्यावरचा) शॉटही बसवता येईल. पोस्ट बंद करू नका, फक्त छोटा गार्ड त्याच्यावर स्विच झाला (डिफेंडरांची अदलाबदल होऊन आला) तरच आत पाठवा.

टेप_आणि_बर्फ: १० मिनिटांच्या क्वार्टरमध्ये त्याला सलग ४-५ मिनिटंच खेळवा. बेंचवर बसून गुडघा आखडतो, म्हणून आत जायच्या आधी दोन मिनिटं चालणं आणि काफ रेज (टाचा उचलणं). सरावाआधी वॉल सिट (भिंतीला पाठ टेकून खुर्चीसारखं बसणं): ४५ सेकंदांचे ५ होल्ड, मध्ये २ मिनिटं विश्रांती. दुसऱ्या दिवशी सकाळी एका पायावर स्क्वॉट करताना दुखणं १० पैकी ३ च्या वर गेलं तर त्या दिवशी उड्या पूर्ण बंद, नुसतं शूटिंग. घोट्याला लेस-अप ब्रेस घाला, टेप घामाने तासाभरात सैल पडते. सूज किंवा गुडघा अडकणं असेल तर आधी ऑर्थोकडे.

कट्टा_कोल्हापूर: लई भारी. ऑफेन्सिव्ह रिबाउंडला (आपल्याच चुकलेल्या शॉटच्या बॉलसाठी) जाऊ द्यायचं का त्याला?

हँडऑफ: अजिबात नाही. शॉट सुटला की तो मागे. थ्रीचे रिबाउंड लांब उडतात, तो आत अडकला तर समोरची टीम लेअप मारून मोकळी. शिवाय गर्दीत दुसऱ्याच्या पायावर उतरला की घोटा गेलाच.