मदत हवी आहे: वेब्लीत ४५ एसीपी चालेल का?

उनाड_पाखरू
टेक्सासात इस्टेट सेलमध्ये जुनं वेब्ली रिव्हॉल्व्हर घेतलं. विकणाऱ्याने ४५ एसीपी काडतुसांचा डबा आणि अर्धचंद्र क्लिपा (काडतुसं एकत्र धरणाऱ्या पट्ट्या) फुकट दिल्या, म्हणाला बिनधास्त झाडा. रविवारी रेंजवर जायचंय. हो की नाही एवढंच सांगा.

मापात_पाप
कुठलं वेब्ली? नळी किती इंच? चौकटीवर साल आहे का? एसीपी क्लिपसकट बसावं म्हणून सिलिंडर मागून तासलंय का? तोवर तो डबा बाजूला ठेवा.

उनाड_पाखरू
सहा इंची, साल १९१७. तासलेलं कसं कळणार? सहा भोकं आहेत, सगळी सारखी.

मापात_पाप
म्हणजे मार्क ६, मूळ काडतूस .४५५. उडवलेल्या रिकाम्या पुंगळ्या क्लिपमध्ये अडकवून सिलिंडरमध्ये घाला आणि रिव्हॉल्व्हर मिटा. मिटलं आणि सिलिंडर मोकळं फिरलं तर मागून तासलेलं आहे. न तासलेल्यात क्लिप आडवी येते, मिटतच नाही.

ह्यूस्टनकर
चालतं हो. लष्करी मालातली वेब्ली इथे आली तेव्हा .४५५ मिळेना, म्हणून तर ती तासली. लोक वर्षानुवर्षं एसीपी झाडतायत. उगाच घाबरवू नका.

मापात_पाप
आत बसतं म्हणजे सोसतं असं नाही. .४५५ चा कमाल दाब सुमारे १३,००० पीएसआय (चौरस इंचाला पाउंड). ४५ एसीपीची मर्यादा २१,०००. सीआयपी या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या आजच्या पद्धतीने प्रूफचं, म्हणजे मजबुती तपासायचं काडतूस साधारण ३० टक्के जास्त दाबाचं, म्हणजे १७,००० च्या आसपास. फॅक्टरीचं एसीपी झाडणं म्हणजे दर चापाला प्रूफ टेस्ट, तीही शंभरी ओलांडलेल्या पोलादावर. पहिल्या डब्यात फुटेलच असं नाही. आधी बिजागरी सैल होते, वरची खिटी झिजते, मिटल्यावर नळी हलायला लागते. सिलिंडर तडकतं ते नंतर.

ह्यूस्टनकर
मग हलकी गोळी घ्या, १८५ ग्रेन वजनाची. धक्का कमी.

मापात_पाप
धक्का हाताला लागतो, दाब सिलिंडरला. हलकी गोळी बहुतेक वेळा जास्त वेगाची असते, दाब तोच. शिवाय मार्क ६ च्या सिलिंडरची तोंडं (भोकांची पुढची टोकं) बरेचदा ०.४४९-०.४५० इंच भरतात. तांब्याच्या कवचाची ०.४५१ ची गोळी त्यातून रेटली जाते तेव्हा दाब आणखी चढतो. मूळ गोळी २६५ ग्रेनची, मऊ शिशाची, बुडाशी पोकळ, वेग सेकंदाला जेमतेम ६०० फूट. मऊ असल्याने तोंडातून दबून जाते, मग नळीत बूड फुगून आटे (नळीतल्या पिळदार खाचा) पकडते.

काळी_दारू
एवढी डोकेफोड कशाला? एसीपीच्या पुंगळीत काळी दारू भरा, मऊ शिशाची गोळी लावा, झालं. दाब आपोआप आवाक्यात. फक्त दारू आणि गोळीत पोकळी ठेवायची नाही, दारू किंचित दाबली गेली पाहिजे. गोळीला मेण-चरबीचं वंगण लावा, खनिज तेलाने डांबरासारखा थर बसतो. त्याच दिवशी गरम साबणपाण्याने धुवा, नाहीतर सकाळी नळी तांबूस.

मापात_पाप
हे ठीक. पण नवख्याला एक वाक्य ठळक लिहा: काळ्या दारूच्या मापाने धूररहित दारू कधीही भरायची नाही.

नियमावली
शीर्षकात नाही, पण 'जुनं' म्हणताय म्हणून: अमेरिकन कायद्यात 'अँटिक' म्हणजे १८९८ किंवा त्याआधीचं. १९१७ चं त्यात बसत नाही.

फोडणी
आमच्या गावच्या वाड्यात पणजोबांचं असंच एक आहे. त्याला काय लागेल?

नियमावली
आधी परवाना. भारतात शस्त्र कायदा १९५९ आहे, टेक्सास नाही. वेगळा धागा काढा.

उनाड_पाखरू
अहो, माझा प्रश्न! मिटलं, फिरतंय. म्हणजे तासलेलं. मग फिओची कंपनीचं .४५५ मागवू?

मापात_पाप
तासलेल्यात ते तसंच चालणार नाही. तासल्यावर मागे जागा वाढते, .४५५ ची पातळ कड ती भरून काढत नाही. घोडा पडला की काडतूस पुढे सरकतं, प्रायमर (बुडातली ठिणगीची टिकली) पेटेलच असं नाही. तुम्हाला ४५ ऑटो रिमच्या पुंगळ्या लागतील, जाड कडेच्या, क्लिपशिवाय बसतात. किंवा क्लिपमधल्या एसीपीच्या पुंगळ्या. दोन्हींत .४५५ इतक्याच दाबाचा दारूचा भार, छापील पुस्तकातून घेतलेला. अंदाजाने कमी-कमी करत जाऊ नका. फार हलक्या भाराने गोळी नळीत अडकते. आवाज दबका आला तर पुढची झाडायची नाही, नळीत आरपार पाहायचं.

ह्यूस्टनकर
आणि नळीचं माप? शिसं ठोकून कॅलिपर लावा, पाच मिनिटांचं काम.

मापात_पाप
वेब्लीला सात आटे, विषम. खाचेसमोर खाच येतच नाही, साधा कॅलिपर चुकीचं माप देतो. व्ही जबड्याचा मायक्रोमीटर हवा. त्यापेक्षा सिलिंडरची तोंडं मोजा. किंचित मोठी मऊ शिशाची गोळी तेल लावून पितळी दांड्याने पुढून आत ठोका, मागून काढा. सहाही.

उनाड_पाखरू
मोजली. पाच ०.४४९, एक ०.४५१. त्या एकाच्या आत, सिलिंडर अडवणाऱ्या बाहेरच्या खाचेपाशी केसासारखी रेघ दिसते, नखाला लागते.

मापात_पाप
काहीही झाडू नका, काळी दारूसुद्धा नाही. सिलिंडर बंदूक-मिस्त्रीकडे द्या, रेघ तड आहे का ते रंगद्रव (डाय) लावून बघू द्या.

ह्यूस्टनकर
बरं, हे मान्य.