वय ३४, शिक्षण दहावी: टिकाऊ काम कोणतं?

प्रश्न: डिग्री नाही, पुण्यात राहतो. या वयात आयटीआयला प्रवेश मिळेल का?

उत्तर १: मिळेल, कमाल वयाची अट नाही. इलेक्ट्रिशियन किंवा एसी-फ्रिजचा ट्रेड घ्या, दोन्ही २ वर्षांचे. महावितरणच्या विद्युत सहायक भरतीवर मात्र भिस्त ठेवू नका, तिथे वय आडवं येतं.

उत्तर २: एसीच शिका. क्लॅम्प मीटर (तारेतला करंट मोजायला), गेज (गॅसचा दाब बघायला) आणि व्हॅक्यूम पंप (पाइपातली हवा-ओलावा ओढून काढायला) आधी घ्या. बरेच जण पंप न लावताच गॅस भरतात. पाइपातल्या ओलाव्याने तेलात आम्ल तयार होतं आणि कॉम्प्रेसर जातो. व्हॅक्यूम ५०० मायक्रॉनखाली न्या (मायक्रॉन म्हणजे पाइपात उरलेल्या दाबाचं माप), पंप बंद करून १० मिनिटं आकडा बघा. चढत राहिला तर गळती किंवा ओलावा आहेच.

उत्तर ३: हिवाळ्यात कामं आटतात, म्हणून ऑफिसांचे वार्षिक देखभाल करार धरा.