संशयकल्लोळ: पदं कापा, पण तसबीर ठेवा

वाशीतल्या हौशी मंडळींनी गोविंद बल्लाळ देवलांचं 'संशयकल्लोळ' हे संगीत नाटक बसवताना तसबिरीऐवजी मोबाइल वापरावा आणि सगळी पदं काढावीत, असं सुचवलं गेलंय. मोबाइलला माझा साफ नकार. रेवतीला भोवळ येते, तिच्याजवळची तिच्या प्रियकराची, अश्विनशेठची तसबीर खाली पडते, ती नेमकी कृत्तिकेच्या हाती लागते आणि मग कृत्तिकेचा संशयी नवरा फाल्गुनराव टपकतो. मोबाइल असला तर तो लॉक असणार, फोटो दिसणार कसा? शिवाय विष्णुदास भावे नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेतून स्क्रीन काय दिसणार, कप्पाळ! चांगली वीतभर, चौकटीतली तसबीर घ्या. कृत्तिकेनं ती पदरानं पुसून निरखली, की मागे फाल्गुनरावाचा नुसता चेहरा पुरतो.

पदांचं निम्मं पटतं. देवलांनी हे नाटक आधी 'फाल्गुनराव' नावानं गद्यच लिहिलं होतं, संगीत रूप १९१६ चं. (मूळ कथानक फ्रेंच नाटककार मोलिएरचं, तेही इंग्रजीवरून फिरून आलेलं.) तेव्हा कात्री लावायला आधार आहे. पण 'मृगनयना' आणि 'कर हा करी' ही अश्विनशेठची पदं ठेवाच. ती गाणारा नट मिळत नसेल तर प्रयोग पुढे ढकला. आणि भादव्याला, म्हणजे फाल्गुनरावाच्या नोकराच्या भूमिकेला, तयारीचा नट द्या हो, उरलासुरला नको.