आलं का? आवाज आला, चित्र गेलं! (टीव्ही जोडणीचे अनुभव)

गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचं काम काढलं तेव्हा कंत्राटदाराने पहिलंच विचारलं, "हा पाइप कापू का?" त्या पाइपावर आमची जुनी अँटेना. निम्म्या कांड्या कावळ्यांनी वाकवलेल्या, पण तोंड अजून सिंहगडाकडे, दूरदर्शनचा मनोरा तिथे म्हणून. पुण्यात तेव्हा गच्च्यांवरच्या सगळ्या अँटेना तिकडेच बघायच्या, नवख्या माणसाला किल्ला कुठे आहे ते विचारावं लागत नसे.

बाबा म्हणाले, कापू नका. मग परवा नवा टीव्ही आला, तर म्हणे याला ती लावून बघ, मागे भोक आहेच. वायर जुनी चपटी, भोक गोल. चपटी वायर 300 ओहमची, गोल 75 ची, मध्ये माप जुळवायला एक छोटी डबी लागते. ती डबीसुद्धा बाबांनी खिळ्यांच्या डब्यातून काढून दिली! ऑटो सर्च लावला. शून्य चॅनेल. दूरदर्शनने हवेतलं जुनं ॲनालॉग प्रक्षेपण बंद केलंय हे मला आधीच माहीत होतं, बाबांना सांगायचा धीर होईना.

तर लिहा तुमचे अनुभव. अँटेना, केबल, छत्री, काहीही चालेल. 'गेले ते दिवस' नको. काय बिघडलं आणि कसं जमलं ते लिहा.

गिरगाव

आमच्याकडे पडद्यावर मुंग्या कमी, सावल्या फार. बातम्या देणाऱ्या बाईंना दोन नाकं, दुसरं जरा उजवीकडे आणि फिकट. समोर उंच इमारत उभी राहिली होती. तिच्यावर आपटून येणारी लहर किंचित उशिरा पोहोचायची, म्हणून ही सावली. काका गॅलरीत अँटेना धरून, मी दारात, ताई टीव्हीपाशी. "आलं का?" "आवाज आला, चित्र गेलं!" "आता?" "हात नका काढू!" शेवटी काकांनी वैतागून अँटेनाची पाठ दूरदर्शनच्या वरळीतल्या मनोऱ्याकडे केली आणि बाईंचं नाक एकच झालं. पुढे केबल येईपर्यंत ती तशीच पाठमोरी होती. बघणारा प्रत्येक पाहुणा सांगायचा, अहो, उलटी लागलीये.

दापोली

आमचे शत्रू दोन, वानर आणि पाऊस. वानर अँटेनावर झोका घेतात, ते दिसतं तरी. पावसाचं कळत नाही. एका श्रावणात चित्र रोज थोडं थोडं फिकट होत गेलं. सिग्नल वाढवणारा बूस्टर बदलला, टीव्ही दुकानात नेऊन आणला, दुकानात उत्तम! मग वायरमन आला. त्याने टीव्हीमागची पिन काढली आणि वायर खाली धरली. टप, टप, पाणी. वरच्या टोकाला चिकटपट्टी सुटलेली, पाणी वायरीच्या आतून थेट दिवाणखान्यात आलेलं. सोलली तर तांब्याची जाळी हिरवीगार, बोटाने चोळली की भुगा. त्याने नवी वायर टाकली आणि खिडकीतून आत घेण्याआधी तिला खाली झोळ दिला, म्हणजे बाहेरून ओघळणारं पाणी झोळाशीच टपकतं. घरात येणाऱ्या प्रत्येक वायरीला मी आता तसा झोळ देतो. इंटरनेटवाल्याने कारण विचारलं, तेव्हा त्यालाच शिकवलं.

कराड, दुरुस्तीवाला

वीस वर्षं केबलवर काढली, म्हणून थोडं लांब लिहितो. दहातल्या आठ तक्रारी जोडाच्या असतात. लोक दुसऱ्या खोलीतल्या टीव्हीसाठी वायर मधेच सोलतात, तारा पिळतात आणि वर सेलोटेप. अहो, ती दिव्याची वायर नव्हे! आतली तार आणि वरची जाळी यांतलं अंतर बिघडलं की सिग्नल माघारी फिरतो. एका वायरीच्या दोन करणारा स्प्लिटर लावा. पण त्यातही दोन टीव्ही म्हणजे प्रत्येकाला निम्म्याहून कमीच ताकद मिळते, हे कोणी ध्यानात घेत नाही. पिन बसवताना जाळीचा एखादा केसाएवढा तंतू मधल्या तारेला टेकला तरी संपलं. आधी तो बघा, मग माझ्या माणसाला शिव्या द्या.

चोरीचा किस्सा सांगतोच. नव्वदच्या दशकात महिना शंभर रुपये वाचवायला एक गृहस्थ शेजाऱ्याच्या वायरीत टाचणी खुपसून त्यावर केबल बघायचे. एकदा टाचणी जाळीलाही टेकली आणि शेजाऱ्याचं चित्र गेलं. तक्रार करायला शेजाऱ्याच्या आधी हेच आले!

लातूरजवळ, शेतवस्ती

वस्तीवर केबल येणं शक्य नाही, म्हणून दूरदर्शनची फ्री डिश. महिन्याचा खर्च शून्य. पहिल्यांदा माणूस बोलावला. वादळात छत्री हलल्यावर स्वतःच चढलो. उपग्रह 93.5 अंश पूर्वेला, म्हणजे आमच्या इथून बरोबर आग्नेयेला. आई म्हणाली, चुलीची दिशा हाय, लागंल की. दोन तास लागला नाही. टीव्हीवर सिग्नलची स्ट्रेंथ 80 दाखवी, क्वालिटी शून्य. नंतर कळलं, स्ट्रेंथ म्हणजे नुसती वायर शाबूत. बघायचं ते क्वालिटीकडं. आणि छत्रीचा तवा दिसतो त्याहून बराच वर बघत असतो, मी उगाच त्याला आभाळाकडं उताणा करत होतो. बायको फोनवर, "काळंच हाय... काळंच हाय..." अँटेनावर निदान मुंग्यांमधून माणूस दिसायचा, हितं एकतर सगळं नाहीतर काहीच नाही. बोटभर खाली दाबलं आणि ती एकदम ओरडली. नट आवळताना परत गेलं, ते वेगळं.

न्यू जर्सी

इकडे उलट आहे, हवेतलं टीव्ही जोरात चालू. 12 जून 2009 ला मोठ्या केंद्रांचं ॲनालॉग बंद झालं, पण त्याजागी डिजिटल आलं. जुन्या टीव्हीवर डिजिटल दिसायला लागणाऱ्या डबीसाठी सरकारने घरटी 40 डॉलरची दोन कुपनंही दिली होती. आम्ही केबल तोडून खिडकीला कागदाएवढी चपटी अँटेना चिकटवली, न्यूयॉर्कची चॅनेलं फुकट लागतात. सासूबाई आल्या तेव्हा चित्र गोठलं. मी स्कॅनची बटणं दाबतेय, तर त्या उठल्या, अँटेना काढून हातात धरली आणि विचारलं, "आलं का?"

आलं होतं.

पुणे, धागाकर्ता

लातूरकर, धन्यवाद. फ्री डिशची छत्री मागवली. बसवायला पाइप आहेच. बाबांची एकच अट, अँटेना उतरवायची नाही, छत्री खाली लावायची.